काळा दगड सावंत काकूंकडे

पर्थला निघालो त्या दुपारी आमच्या डोंबिवलीच्या इमारतीखाली माझी बॅग भंगारवाल्याच्या काट्याला लटकत होती आणि चारही मजल्यांचे प्रेक्षक गॅलरीत उभे होते. वजन जास्त भरलं. मेतकूट राहिलं, दगड उतरले! धुरकट स्फटिक आणि काळे टुरमलीन. आपल्या डोंगरांत न मिळणारे, झारखंड-राजस्थानातल्या हौशी लोकांशी अदलाबदल करून जमवलेले. माझ्याआधीच घर सोडून आलेले बिचारे. आई म्हणाली, "राहू देत माझ्याकडे. त्यांना कुठे डबा द्यायचाय!"

पर्थला मी एका खाणीच्या लॅबमध्ये लागलो. दिवसभर दगडांची पावडर करायची, रिपोर्ट द्यायचा. इकडे डोंबिवलीत कुणीतरी मोबाइलवर पाहिलं की काळा टुरमलीन घरातली पीडा ओढून घेतो. झालं! कुणाची दहावी, कुणाचा दमा. आई माझा संग्रह विरजणासारखा शेजारी वाटत सुटली. स्फटिकाला ती 'धूर कोंडलेली खडीसाखर' म्हणायची. व्हिडिओ कॉलवर मी ओरडायचो, "अगं, त्यात औषध नाहीये काही!"

"तुला विचारलंय कुणी?"

यंदा चार दिवसांच्या तापात आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर पिशवी घेऊन, वासुदेवासारखा दारोदार, मी दगड गोळा करायला निघालो.

खालच्या मजल्यावर सावंत काकूंनी दार उघडलं आणि मला पाहून त्यांना रडूच कोसळलं. काकांना अर्धांग झालंय. त्यांच्या उशाखालचा माझा सर्वांत मोठा टुरमलीन काढून काकूंनी माझ्या हातात कोंबला.

"घे रे बाबा. तुझ्या आईला ताप होता तेव्हा हा आमच्याकडे होता. मी वर नेऊन द्यायला हवा होता."

बोरॉन, लोखंड, सिलिका. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग काकांच्या उशाखाली काय उरलं असतं? मी घसा खाकरला. "काकू, हा एकदा एका उशीला लागला की दुसरीकडे चालतच नाही. आईला माहीत होतं."

"खरंच?"

"आमच्या लॅबचा रिपोर्ट आहे!"

काका तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसले. दगड उशाखाली परत गेला.

दगड एक जिना खाली होता, तर त्या बाईची झोप उडाली. मी समुद्रापलीकडे होतो. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. घर सोडून परदेशी गेलेल्यांनो, तुम्हाला कळेल. जिथे आपल्या नसण्याचा जाब विचारतात, ते घर. मला आता त्या इमारतीत पाहुण्यांच्या ठेवणीतल्या कपबशीतून चहा देतात.