शेवंताची चौथी

आमचे सावलीवाले गुरुजी हजेरीतून मेलेल्या मुलाचं नाव कमी करत नसत. नाव घेत, थोडं थांबत आणि पुढच्या नावाकडे वळत. दिपोटी साहेब तपासणीला आले की तेवढ्यापुरती दुसरी वही निघे.

माझा त्यांच्यावर राग आहे. पुढं बाजारात मी भल्याभल्यांशी हुज्जत घालून माझा भाव मिळवला. गुरुजींनी मात्र माझं एक वर्ष घेतलं आणि त्याच्या बदल्यात काहीच दिलं नाही. तरी माणूस कसा होता ते सांगितलं पाहिजे.

आमचं गाव इंदापूरच्या बाजूला, पाटाच्या कडेला. शाळेची खोली एक, इयत्ता चार आणि गुरुजी एकटे. परीक्षा संपली की निकालापर्यंत पोरं उंडारतात, म्हणून त्या दिवसांत गुरुजी सावल्या काढायला लावत. सकाळची शाळा. कोवळं ऊन दारातून थेट समोरच्या भिंतीवर पडे. एकेकानं दारात उभं राहायचं. चौथीतल्यांनी कोळशानं सावलीची कड ओढायची, तिसरीतल्यांनी खाली नाव लिहायचं, दुसरीतल्यांनी विती घालून उंची मोजायची आणि पहिलीतल्या चिमुरड्यांनी आत गेरू भरायचा. भावंडं शेजारी शेजारी. दिवाळीला बाकीच्या तीन भिंतींना चुना लागे, या भिंतीला नाही.

"हलू नकोस," गुरुजी प्रत्येकाला बजावत. "हललास की वर्ष पुसट येतं."

माझी बहीण शेवंता माझ्यामागं एक इयत्ता. पाटाच्या पाण्याला ती भ्यायची, म्हणून रोज माझा डावा हात धरून शाळेला यायची. मी दुसरीत आणि ती पहिलीत असताना श्रावणात ती तापानं गेली.

त्या उन्हाळ्यात माझी सावली झाल्यावर गुरुजींनी तिचं नाव पुकारलं. दार मोकळं होतं. गुरुजींनी स्वतः कोळसा उचलला आणि माझ्या शेजारी हळूहळू कड ओढली. दोन वेण्या, परकराचा घेर आणि माझ्याकडं लांबवलेला एक हात.

"समद्यांचं हात खाली, हिचाच असा का?" मी विचारलं.

"पडतो तसा काढतो," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या वर्षी ती चार बोटं वाढली. गेरू भरायला बसलेला पहिलीतला पोरगा तिच्यामागून शाळेत आलेला, तिला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. तो कंटाळून म्हणाला, "गुरुजी, हिला नीट हुबी ऱ्हायला सांगा की. हलतीया."

कुणी हसलं नाही. गुरुजींनी मोकळ्या दाराकडं पाहिलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "शेवंता, हलू नकोस."

आई दर वर्षी ती सावली बघायला यायची. पदराला हात पुसून भिंतीवरच्या डोक्यावर तळवा ठेवायची. "वाढलीया," एवढंच म्हणायची.

मी चौथीत गेलो तेव्हा मामांनी बारामतीच्या बोर्डिंगात माझ्यासाठी जागा ठरवली. पास झालो की निघायचं. निकालाच्या दिवशी गुरुजींनी वाचलं, शेवंता, तिसरी, पास. मग माझं नाव. चौथी, नापास.

माझं डोकं सणकलं. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "गुरुजी, मेलेली पास आन् जिता नापास? माझं एक तरी गणित चुकलं आसंल तर दावा."

"एकही चुकलं नाही."

मी घासाघीस सुरू केली. उन्हाळाभर शाळा सारवतो, भिंतींना चुना लावतो, तुमच्या घरी पाणी भरतो. गुरुजी सगळं ऐकून घेत होते.

"तू गेलास तर तिला पाटावरून कोण आणणार?" ते म्हणाले. "एकटी यायला भिते ती."

मी आईकडं पाहिलं. निकाल ऐकायला आलेली ती दारातच उभी होती. "ऱ्हाऊ दे यवढं वरीस," ती म्हणाली. "तुजीच भन हाय."

बोर्डिंगातली जागा दुसऱ्याला गेली. ते वर्षभर मी पाटाच्या कडेनं शाळेत गेलो, ते चिडून, दोन्ही हात खिशात कोंबून.

वर्ष संपलं. सावल्यांच्या दिवशी तिचं नाव पुकारून गुरुजींनी कोळसा माझ्या हातात दिला. "चौथीतल्यांनी काढायची असते."

मी वाकडंतिकडं काहीतरी ओढून मोकळा होणार होतो. भिंतीवर तेव्हा काही होतं की नाही, हे मी आजही छातीठोक सांगत नाही. पण कोळसा वळायचं तिथं वळत होता. खांद्यापाशी कड निसटली आणि तोंडून निघून गेलं, "शेवंता, हलू नको."

निकालात दोघंही पास झालो. गुरुजींनी तिच्या नावावर पहिल्यांदाच काट मारली. "झालं तिचं इथलं," ते म्हणाले. पुढच्याच महिन्यात त्यांची सुप्याकडं बदली झाली. सारा गाव पाया पडला, मी पडलो नाही. मोटारीत चढताना ते मला म्हणाले, "वर्ष घेतलं तुझं. ते काही मला परत देता येणार नाही." ही उधारी त्यांनी कबूल केली, एवढंच.

त्या संध्याकाळी मोटारीपासून पाटाच्या कडेनं एकटाच घरी निघालो. निम्म्या वाटेत पाय अडले. पाणी नेहमीचंच होतं, वाटही तीच. डावा हात आपसूक बाजूला गेला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

तोवर त्या वाटेवर मला कधी भीती वाटली नव्हती. त्यानंतर मी तिथून एकटा कधी गेलो नाही.