वेलचीची पुडी

१९ ऑगस्ट २०२५ रोजी नोएडातल्या आमच्या मराठी मंडळाला गणेशोत्सवासाठी एका कंपनीचा ५१,००० रुपयांचा चेक मिळाला. खजिनदार मी. पावतीवर ‘वेलचीची जाहिरात’ असे लिहिले. त्याच कंपनीचा गुटखा त्याच नावाने, त्याच रंगाच्या पुडीत मिळत असे, हे मला माहीत होते. पण मंडपवाला आगाऊ रक्कम मागत होता.

प्रसादाचे टेबल तात्यासाहेबांकडे. फलटणकडचे निवृत्त सुभेदार. मुलीकडे, शिवांजलीकडे राहतात. तीस वर्षांच्या गुटख्याने त्यांचे तोंड दोन बोटांपुरतेच उघडते. मोदक ते चमच्याने खातात. शस्त्रक्रियेची तारीख १५ सप्टेंबर ठरली होती, अट एकच : त्याआधी सहा महिने तंबाखू बंद. तात्यासाहेब रोज कॅलेंडरवर फुली मारत. पाच महिने झाले होते.

कंपनीने वाटायला दोन हजार पुड्या पाठवल्या. तात्यासाहेबांनी प्रसादाबरोबर एकेक दिली, स्वतःही खाल्ल्या.

“वेलची खरी आहे हो,” ते म्हणाले. “पण पुडी फाडली की जीभ भलत्याचीच वाट बघते.”

उत्सवाच्या सातव्या दिवशी पुड्या संपल्या. आरतीनंतर आम्ही दोघे चौकातल्या टपरीवर गेलो. त्यांनी नाव सांगून वेलची मागितली.

टपरीवाला हसला. “फौजी साहब, वो तो सिर्फ टीवी पे मिलती है.”

त्याने त्याच नावाच्या दोन पुड्या पुढे ठेवल्या. एकीत मसाला, दुसरीत तंबाखू. गुटख्याला बंदी आहे, म्हणून वेगवेगळ्या. दोन्हींचे बारा रुपये. तात्यासाहेबांकडे पाचशेची नोट होती.

“कल दे देना.”

तात्यासाहेबांनी दोन्ही पुड्या एकत्र केल्या. मी शेजारीच उभा होतो.

१५ तारखेला डॉक्टरांनी विचारले. तात्यासाहेबांनी सांगितले, “दोन सप्टेंबरला, एकदा.” शस्त्रक्रिया मार्चवर गेली.

“बाबा, सांगायलाच हवं होतं का?” शिवांजली बाहेर येऊन म्हणाली.

“विचारलं ना त्यांनी.”

मंडळाचे हिशेब बिनचूक निघाले. पुढच्या वर्षी ७५,००० देऊ, असे कंपनीचे पत्र आले आहे. ते मी अजून कार्यकारिणीपुढे ठेवलेले नाही.

तात्यासाहेब पुन्हा पहिल्या दिवसापासून फुल्या मारत आहेत आणि मंडळात चौक टाळून मागच्या गल्लीने येतात. टपरीचे पैसे मी देतो म्हटले.

“तुम्ही कशाला? खाल्लं मी. आणि मी द्यायला गेलो, तर परत पुडी घेऊनच येईन.”

टपरीवाल्याचे बारा रुपये बाकी आहेत.