एका पिशवीत तीन हात

माझ्या नवऱ्याला पाऊस आवडायचा, आणि त्यात कवितेचा काही भाग नव्हता. डहाणूत आमच्या घरामागचं मैदान एरवी क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात असतं. पावसात तिथे पाणी साचलं की क्रिकेटवाले घरी बसतात. मग रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी करणारे, पन्नाशी उलटलेले आमचे हे रेनकोट चढवून, हातभर लांबीची रिमोटची गाडी काखेत मारून निघायचे.

मी तलासरी तालुक्यात, वेवजीच्या बाजूला शाळेत शिकवते. दिवसभर पोरांना चिखलातून बाहेर काढायचं आणि संध्याकाळी घरी येऊन बघावं तर नवरा चिखलात. बोलून बोलून माझी जीभ झिजली. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "मॅडम, हौसेला मोल नसतं."

गाडी बॅटरीवरची, म्हणजे पाण्याशी उभं वैर. विकताना वॉटरप्रूफ म्हणून विकतात, पण ते नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ह्यांनी मग एकेक युक्ती शिकून घेतली. आतल्या सर्किटला माझी नेलपॉलिश फासली. मला कधी एक बाटली आणून दिली नव्हती, गाडीला मात्र दोन हात दिले. सिग्नल पकडणारी डबी फुग्यात घालून फुग्याचं तोंड बांधलं. आतला स्पंज पाणी पिऊन जड होऊ नये म्हणून टायरना भोकं पाडली. घरी आलं की बॅटरी काढायची, पुसायचं, बेअरिंगना तेल द्यायचं आणि ती डबी सुकायला माझ्या तांदळाच्या डब्यात ठेवायची. एकदा भातात स्क्रू निघाला तेव्हा मी अबोला धरला होता. ह्यांना तो आवडला असावा.

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वापीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय थोडाफार येईल. हाताचं आणि बोलण्याचं जे परतायचं ते पावसाळा संपेपर्यंत परतेल, पुढे फारशी आशा धरू नका. पाय आला, काठी घेऊन घरातल्या घरात हिंडण्यापुरता. बोलण्यात मात्र एकच शब्द उरला, "अकरा". चहा हवा का? अकरा. दुखतंय का? अकरा. का, ते कुणाला ठाऊक नाही. शेजारच्या एकाने त्यावर आकडा लावला म्हणे, आणि हरला. मी ते ऐकून खूप हसले आणि मग मोरीत जाऊन रडले.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. ती म्हणाली, "काकू, नुसत्या व्यायामाला काका कंटाळतात. त्यांच्या आवडीचं काहीतरी काढा. हाताला जुनी सवय आठवू दे." मी माळ्यावरून गाडी काढली.

हा रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हाताने मूठ धरायची आणि त्याच हाताच्या बोटाने घोडा दाबायचा, की गाडी पळते. उजव्या हाताने बाजूचं छोटं चाक फिरवायचं, की गाडी वळते. म्हणजे गाडी पळवणं ह्यांना जमणार होतं, वळवणं नाही. आम्ही तोडगा काढला. चाकावर ह्यांचा उजवा हात ठेवायचा, त्यावर माझा, आणि मी फिरवायचं. पावसात रिमोट भिजू नये म्हणून हे तो पारदर्शक पिशवीत ठेवून, हात आत घालून चालवायचे. आता त्या पिशवीत ह्यांचे दोन आणि माझा एक. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत आम्ही कधी एकमेकांचा हात धरला नव्हता. धरला तो असा.

ओल्यात गाडी चालवणं मला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. एकदम वळवलं की ती गरकन फिरते, आणि वेगात असली की वळतच नाही, सरळ घसरत जाते. वळणाआधी वेग कमी करावा लागतो. ह्यांना हे ठाऊक होतं पण सांगता येत नव्हतं, आणि मला सांगता सगळं येतं पण ठाऊक काही नव्हतं. गाडी दरवेळी डबक्यात उलटायची. हे "अकरा, अकरा!" म्हणून ओरडायचे, आणि डाव्या बाजूने का होईना, हसायचे. त्या हसण्यासाठी मी भर पावसात ह्यांना खुर्चीवर बसवून, मानेत छत्री धरून उभी राहत होते.

गुजराती शेजारीण म्हणाली, "बेन, एकदा विवळवेढ्याला देवीला जाऊन या ने." मी नवस न मानणारी बाई, पण गेले. बुडत्याला काडीचा आधार. देवीला फार मागितलं नाही, एक हात मागितला.

गणपती होऊन गेले आणि एका संध्याकाळी माझ्या तळव्याखाली काहीतरी हललं. मी वळवायच्या आधीच चाक डावीकडे गेलं, शपथेवर सांगते. रात्री मी शिरा केला. सकाळी ती मुलगी आली तेव्हा मी दारातच तिला सांगितलं.

तिने ह्यांचा हात एकटाच चाकावर ठेवला. "काका, फिरवा." ह्यांच्या कपाळावर घाम आला, डावा खांदा वर चढला, मान ताठ झाली. बोटं होती तशीच राहिली. तिने बराच वेळ वाट पाहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, तो तुमचाच हात होता."

"तुला काय कळतंय?" मी म्हटलं. "लग्न झालंय का तुझं?"

हे समोरच होते. ह्यांना बोलता येत नाही, ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं. लोक ते विसरतात. मीही विसरले.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शाळेनंतर, तो हात आणि ते चाक. पालथ्या घड्यावर पाणी. पाऊस ओसरत चालला, मैदान सुकलं, क्रिकेटवाले परत आले. डॉक्टरांनी दिलेली मुदत डोळ्यांदेखत संपत होती.

एका रविवारी रिमझिम होती. रिक्षा करून मी ह्यांना धाकट्या डहाणूला खाडीवर नेलं. ओहोटी होती, ओली घट्ट वाळू लांबवर उघडी पडली होती. एका घरातून खुर्ची मागून घेतली. हे स्वतः इथे गाडी कधी आणत नसत. पावसाचं पाणी पुसलं की जातं, खारं पाणी आत शिरलं की गाडी संपली. मी म्हटलं, आपण पाण्यापासून लांब राहू.

रिमोट पिशवीत, हात पिशवीत. मी वर्गात सांगते तशी सांगत होते, "या हाताकडे लक्ष द्या. या हाताला सांगा. सांगा त्याला." हे माझ्याकडे बघत राहिले. मग ह्यांनी घोडा पुरता दाबला.

गाडी खाडीकडे सुटली. मी चाक वळवलं, वळेल तेवढं वळवलं. त्या वेगात ती वळेना. "सोडा! अहो, बोट सोडा!" ह्यांचं ते बोट चांगलं धडधाकट आहे. ह्यांनी ते सोडलं नाही. गाडी पाण्यात शिरली, थोडी पुढे गेली, डुलली आणि थांबली. ह्यांनी घोडा तसाच दाबून धरला होता.

मी ह्यांना नाही नाही ते बोलले. एवढा पावसाळा मी काय मजेसाठी भिजले का, असंही बोलले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग रिमोट मांडीवर टेकवला आणि डाव्या हाताने चाकावरचा माझा हात उचलून बाजूला केला. आपल्याच उजव्या हाताचं मनगट धरून तो हात पिशवीतून बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि त्यावर थोपटलं. आजारी मुलाला थोपटतात तसं. माझ्याकडे वर बघितलं तेव्हा डोळ्यांत राग नव्हता. पुरे झालं, एवढंच होतं.

गुडघाभर पाण्यात एक माणूस होडी बांधत होता. त्याने सगळं पाहिलं होतं. "आणू काय गाडी, बाई?" त्याने हाक मारली. "भरती लागली, मग नाय मिळायची."

लगेच काढून गोड्या पाण्याने धुतली तर ती वाचलीही असती, एवढं आता मलाही कळत होतं. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"नको," मी म्हणाले. "राहू द्या."