हिरव्या रेघांचा डोंगर

वीर स्टेशनला जाणारी रिक्षा भरायला वेळ होता, म्हणून आबा मला महाडच्या एसटी स्टँडसमोरच्या व्हिडिओ गेमच्या गाळ्यात घेऊन गेले. आबा म्हणजे माझे वडील. पोलादपूरच्या वर डोंगरावर आमची वाडी, तिथून आम्ही पहाटेच उतरलो होतो. माझ्या हातात बॅग, त्यांच्या खांद्यावर माझ्यासाठी बांधलेले तांदूळ. मी मुंबईकडे कामाला निघालो होतो. "तुझा तो रणगाडा खेळून घे रे," आबा म्हणाले, "तिकडं मिळंल न मिळंल."

आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या स्मरणिकेत वाडीबद्दल काहीतरी लिही म्हणून तुम्ही सगळे मागे लागलात, खाली गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेलेही. देवळाबद्दल, झऱ्याबद्दल कुणीतरी लिहीलच. मला आपला तो गेम आठवतो. हसा हवं तर.

माझ्या वयाच्यांना तो गेम आठवत असेल. शेळ्या विकायला बाजारात आलं की आबा मला तिथे सोडायचे. काळा पडदा, त्यावर नुसत्या हिरव्या रेघा. आपण रणगाड्याच्या आत बसलोय आणि आतून बाहेरचं बघतोय असा तो खेळ. हाताशी दोन दांडे. दोन्ही पुढे ढकलले की रणगाडा पुढे जायचा, एक पुढे एक मागे केला की जागच्या जागी वळायचा. शत्रूचा रणगाडा कुठून येईल याचा नेम नसायचा. आणि सगळ्याच्या मागे, लांबवर, डोंगरांची रांग.

त्या दिवशी आबा पहिल्यांदाच माझ्या मागे उभं राहून खेळ बघत होते. माझ्यावर गोळा येताना पाहून ते कळवळले. "अरे, उघड्यावर काय मरतोस? डोंगराकडं चल. डोंगरात कोण मारतंय?" जन्मभर गुरं-शेळ्या राखलेला माणूस. काही संकट आलं की डोंगराचा आडोसा धरायचा, हे त्यांच्या अंगातच होतं. मी मुकाट्याने रणगाडा तिकडे वळवला. चाललो, चाललो, तरी डोंगर होता तेवढाच. मागून गोळा बसला आणि खेळ संपला. गाळेवाला हसला. "काका, तो डोंगर कधीच येत नाही. नुसता दाखवायला काढलाय."

आबांना ते पटलं नाही. वीरला गाडी येईपर्यंत तेच डोक्यात. "जायाचंच नाय तर दाखवतात कशाला?" गाडी आली, मी चढलो. घर सोडताना वडिलांनी मला दिलेला उपदेश म्हणाल तर एवढाच.

कळंबोलीत साइटवर हेल्पर म्हणून लागलो. एकदा माती खोदायच्या पोकलेनचा ऑपरेटर आला नाही आणि सुपरवायझरने मला सीटवर बसवलं, नुसतं मशीन बाजूला घे म्हणाला. चालवायचे दोन दांडे समोर होते. डोकं घाबरलं होतं, पण हातांना सगळं माहीत होतं. बाकीचं हळूहळू शिकलो. साइट, शिफ्ट, बकेट, ओव्हरटाइम हेच शब्द तोंडात बसले. मी फोनवर साइटचं सांगत राहायचो आणि आबा मध्येच विचारायचे, "जेवलास का?"

पुढे एका पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड आली आणि ती उपसायला आमचं मशीन गेलं. आपल्या वाडीच्या समोरचीच उतरण. बकेटमध्ये माती येत नव्हती, पाण्याने फुगलेला चिखल येत होता. असल्याच मातीवर आपलं घर उभं आहे, हे डोक्यातून जाईना. सुट्टी टाकून वर गेलो. घरांच्या मागे जमिनीला हात जाईल एवढी भेग पडली होती. सरकारकडून पाहणी करणारे येऊन खाली उतरायला सांगून गेले होते, एकेक घर उतरतही होतं. आई गेल्यापासून आबा एकटे, पण ते काही हलेनात.

मी पुष्कळ समजावलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी रोजी डोंगर पाडायची, म्हणून तुला डोंगर पडतानाच दिसतो रे." मला ते फार लागलं. तसाच माघारी उतरलो.

मग ते माझ्याकडे आले कसे, हे त्यांनी मला नंतर एकदाच सांगितलं. आपल्या वाडीची पद्धत तुम्हाला माहीत आहे. दिवेलागणीला एका घराने दुसऱ्या घराला साद घालायची, "हाय का रेऽ?" पलीकडून "हाय रेऽ" आलं की दार लावायचं. शेवटचं शेजारघर उतरलं त्या संध्याकाळी आबांनी सवयीने साद घातली. पलीकडून काहीच आलं नाही. "दार लावू का नको, कळंना मग," आबा म्हणाले. सकाळी त्यांचा मला फोन आला, "ये न्यायला."

आता ते आमच्याकडे गॅलरीत बसून असतात. समोर दुसऱ्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या. आणि डोंगर अजून पडलेला नाही. पावसाळा लागला की आबा मला गावात फोन करायला लावतात. "पडला?" ते विचारतात. "नाही," मी सांगतो. मग ते परत समोरच्या गॅलऱ्यांकडे बघायला लागतात. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. डोंगर उभा आहे याचा आनंद होतोच, पण मी यांना उगाच उपटून आणलं का, हा विचार काही पाठ सोडत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या घरांसाठी डोंगर कापायचा आणि घरी येऊन आपला डोंगर आहे ना म्हणून विचारायचं. खरंच दमलोय मी.

परवा संध्याकाळी कामावरून आलो तर माझ्या मुलीने, सायलीने, तो गेम कॉम्प्युटरवर शोधून ठेवला होता. "पप्पा, हाच ना?" तोच. दांड्यांऐवजी बटणं, पण रेघा त्याच. खेळायला बसलो तर आबा उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. नजर अधू झालीय, तरी त्यांनी ओळखलं.

"डोंगराकडं चल."

"आबा, तो येत नाही."

"म्हाईत हाय. पोचायचं कुणाला हाय? तोंड तिकडं असू दे."

मी रणगाडा वळवला. मागून गोळा बसला, पडद्यावर काच तडकल्याच्या रेघा उमटल्या. सायली म्हणाली, "पप्पा, मागे बघा ना!" मी परत सुरू केला, परत डोंगराकडे वळवला. बाहेर दिवे लागत होते. आबा त्या हिरव्या रेघांकडे बघत राहिले आणि अर्ध्या आवाजात, जणू एकटेच असल्यासारखे, म्हणाले, "हाय का रेऽ?"

सायलीने माझ्याकडे पाहिलं.

"हाय रेऽ," मी म्हणालो.

आबांनी मान हलवली. "मग दार लाव आता."