मेडशीचे साडेसात

सपना,

तुझ्याबद्दल लिहू का, असं विचारलं तेव्हा तू "लिहा, मॅडम" म्हणालीस. नाव बदलू का, तर "काय करायचं बदलून". त्यात होकार होता की नकार ते मला कळलं नाही, आणि पुन्हा पुन्हा विचारत बसायची मला सवय नाही. म्हणून लिहिते. यंदाही आपल्या जिल्ह्यातली काही मुलं बाहेर शिकायला चालली आहेत. त्यांचे आईबाप येतात आणि विचारतात, कुकर तीन लिटरचा द्यावा की पाचचा, लोणचं विमानात नेऊ देतात का. मी सांगते. घड्याळाचं मात्र कुणी विचारत नाही, आणि तुझं जे झालं ते घड्याळापायी झालं. आता तू इथे नाहीस असं समजून सांगते, कारण समोर बसवलं की तू नुसती मान हलवतेस.

तर सपना ही मेडशीच्या देवमनची मुलगी. देवमन एसटीत वाहक होता. नोकरीत त्याच्यावर उशिराचा ठपका कधी आला नाही. निवृत्त झाल्यावर गावातल्या बुद्धविहाराची किल्ली त्याच्याकडे आली. रोज संध्याकाळी तो सतरंजी घालायचा, मुलांना गोळा करायचा, वंदना घ्यायचा, आणि साडेसातला वंदना संपायची म्हणजे संपायचीच. त्याच्या आवाजावर गल्लीतल्या बाया भाताचा कुकर लावत.

सपना वाशीमच्या कॉलेजात माझ्या हाताखाली रसायनशास्त्र शिकली आणि सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात गेली. अन्नातली आणि पाण्यातली विषं कशी तपासायची, याचं शिक्षण. निघायच्या आदल्या दिवशी विहारात सगळे जमले होते. देवमन उभा राहिला आणि म्हणाला, "आमची सपना रोज साडेसातले, वंदना झाली का, आपल्या पोट्ट्यायसंग बोलीन. तिथून." टाळ्या पडल्या. सपनाला आधी कुणी विचारलं नव्हतं. तिनेही टाळ्या वाजवल्या.

तिने काय बरोबर केलं ते आधी सांगते, म्हणजे ती बावळट होती असं कुणी समजायला नको. अस्सल कागद तिने मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवले आणि एकेक झेरॉक्स आईजवळ, चंपाबाईजवळ, ठेवली. फोटो पाहून कुणा अनोळखी माणसाला खोलीचं भाडं पाठवलं नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहातच खोली घेतली. गेल्या गेल्या धडधाकट असताना डॉक्टरकडे नाव नोंदवलं. तापात फणफणत असताना नोंदणी करायला गेलं की कळतं कसं असतं ते. चुकलं एवढंच, की पहिल्याच आठवड्यात वरणाला फोडणी दिली. धुराची घंटा वाजली आणि अख्खी इमारत रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर उभी राहिली. तेव्हापासून ती बिनफोडणीचं वरण खाऊ लागली.

आठवड्यातले तीन दिवस दुपारी प्रयोगशाळा असायची. ती तीनला सुटायची. तिथले तीन म्हणजे मेडशीचे साडेसात. हात धुऊन बाहेर आलं की मोबाइल वाजायचाच.

"जय भीम करा ताईले!" देवमन असा ओरडायचा, जणू गाडीत तिकिटं फाडतोय.

"जय भीम, ताई!"

मग शेजारचा रूपला मोबाइलच्या तोंडाशी यायचा. तो देवमनच्या वयाचा, वंदनेला रोज पहिल्या रांगेत बसणारा. पडद्यावर त्याचं नुसतं नाक दिसायचं.

"काव सपना, तुही इंग्रजी समजते का त्या लोकायले?"

"समजते, काका."

"अन् त्यायची तुले?"

"थोडी थोडी."

"पाह्य. म्हनजे तुहीच चांगली हाये."

सगळा विहार हसायचा. सपनाही हसायची, जिन्याच्या पायरीवर बसून. सप्टेंबर असा गेला. ऑक्टोबरही बराचसा गेला.

आता नीट ऐका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्या देशात घड्याळ एक तास मागे घेतात आणि मार्चच्या शेवटी पुन्हा पुढे करतात. आपल्याकडे असलं काही नाही, त्यामुळे आपल्याला ते सुचत नाही. मोबाइलचं घड्याळ आपण झोपेत असताना आपोआप बदलतं. सपनाला कुणीतरी म्हणालंही, आज एक तास जास्त झोपायला मिळाला. तिनेही ती झोप घेतली आणि पुढचा हिशेब केला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोग अर्ध्यावर होता, नमुना काचेच्या नळीत होता, आणि खिशातला मोबाइल थरथरला. तिथे दोन वाजले होते. मेडशीत साडेसात. देवमन वेळेवर होता.

ती बाहेर गेली. पाच मिनिटांत येते म्हणाली. पण विहारातलं बोलणं पाच मिनिटांत कधी संपलंय? आत आली तेव्हा नमुना वाया गेला होता. पुढच्या खेपेलाही तेच झालं. तेव्हा प्रयोगशाळेच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, प्रयोग सोडून जायचं असेल तर परत आत येऊ नकोस. बाईंचं बरोबरच होतं, उघड्या रसायनाशेजारून असं ऊठबस करता येत नाही. त्याच्या पुढच्या खेपेला सपना आत गेलीच नाही.

मला लोक विचारतात, एवढं साधं बापाला सांगता आलं नाही? साधं असतं तर सांगितलं असतं. मोबाइलमध्ये तिला विहार दिसायचा. पुढे मुलं, त्यांच्या मागे बाया, दाराशी शेतातून येऊन हातपाय धुतलेली माणसं. त्यातले म्हातारे असे, की लहानपणी त्यांना दुसऱ्याच्या ओट्यावर बसायची सोय नव्हती. ते सगळे तिच्यासाठी थांबलेले. त्यांना 'आज नको' म्हणायचं? म्हणायचं, हे माझं मत. पण 'नको' म्हणायला त्या पोरीला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं होतं ते मान खाली घालून पहिला नंबर काढायला.

नोव्हेंबरात देवमनला नवीनच सुचलं. "माय, तो पांढरा कोट घालून बोलत जाय. पोट्ट्यायले दिसू दे."

मग ती खोलीतच प्रयोगशाळेचा कोट चढवायची. वर कोट, खाली रात्रीचा पायजमा. पलीकडच्या इमारतीत तिच्या वर्गातली मुलं तोच कोट घालून काम करत असायची. ती मुलांना सांगायची, अभ्यास करा, गणित सोडू नका. आवाज तिचाच होता. बोलणं संपलं की कोट खुर्चीवर, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची. चारलाच अंधार व्हायचा. दिवा लावायचा राहून जायचा. ती रडली नाही. घरची आठवणही येत नव्हती. घर तर रोज येत होतं.

चंपाबाईला काहीतरी दिसलं असावं. एकदा तिने नवऱ्याच्या हातातून मोबाइल घेतला.

"तोंड कसं झालं वं तुहं? जेवली का?"

"जेवली."

"काय खाल्लं?"

"पोळी." पाव खाल्ला होता, तोही सकाळी.

"हासत नाही पोरगी," चंपाबाई मागे वळून म्हणाली.

"अभ्यास असते तिले," देवमन म्हणाला. "आन इकडं, पोट्टे थांबले."

विद्यापीठाच्या मेल येत होत्या. गैरहजेरीबद्दल पहिली, दुसरी, मग ठळक अक्षरांतली. सपना त्या वाचायची, समजायच्याही. बाहेरून शिकायला आलेल्याचा व्हिसा विद्यापीठाच्या भरवशावर असतो, वर्गात बसला नाहीस तर विद्यापीठ सरकारला कळवतं आणि मग देश सोडावा लागतो, हे तिला पाठ होतं. वाचून काही वाटायचं नाही. दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिलंय असं वाटायचं.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिला बोलावणं आलं. परदेशी मुलांना मदत करायला तिथे एक कार्यालय असतं आणि ते फुकट असतं. बोलावणं यायची वाट पाहू नका. पहिला आठवडा बिघडला की आपणहून जा. सपना गेली ती बोलावल्यावर. सल्लागार बाई बऱ्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बरं नाही का तुला?"

"बरं आहे."

"कुणी त्रास देतं?"

"नाही."

"मग दुपारी असतेस कुठे?"

"घरच्यांशी बोलते."

"रोज?"

"रोज."

बाई म्हणाल्या, "मग वेळ बदलून घे ना."

हे इतकं सोपं कुणी म्हणेल असं सपनाला वाटलं नव्हतं. बाईंनी सांगितलं, आता एकही प्रयोगशाळा चुकली तर माझ्या हातात काही राहणार नाही.

त्या दिवशी प्रयोगशाळा नव्हती. मोबाइल वाजला तसं मुलांचा 'जय भीम' व्हायच्या आत ती बोलली. "बाबा, इथं घड्याळ एक तास मागं केलं. आपण बोलतो तेव्हा माझा वर्ग असतो."

देवमनला आधी हसू आलं. "घड्याळ मांगं कोन करते वं? सरकार?"

"हो."

"अन् लोकं आयकतात?"

"ऐकतात, बाबा."

"आमच्या डेपोत कोनं केलं असतं तर सस्पेंड झाला असता." मग त्याला काहीतरी लागलं. "मंग आधी काहून नाही सांगतलं?"

तिने कोटाचं वरचं बटण लावलं.

"बरं, राहू दे. मी करतो बराबर. आजचं तेवढं बोलून घे. रिठदच्या विहारातले पाव्हणे आले हायेत तुले पाह्याले."

ती बोलली. कोट घालूनच बसली होती.

देवमन शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी त्याने गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं, वंदना एक तास बदलली. रूपलाने कुरकुर केली, तर त्याला म्हणाला, "पोरीचा वर्ग हाये तिथं. तिकडं घड्याळ मांगं गेलं, तर आपन बी मांगं घेऊ. समजलं?" रूपलाला समजलं. सगळ्यांना समजलं. शेतातून लोक लवकर निघाले, बायांनी स्वयंपाक पुढेमागे केले, आणि साडेसहाला विहारातली मुलं हात जोडून मोबाइलसमोर बसली.

पाहिजे होते साडेआठ. साडेसहा म्हणजे तिथला एक. प्रयोगशाळेचं दार उघडायची वेळ.

सपना दाराशीच उभी होती, गळ्यात ओळखपत्र अडकवून. मोबाइल वाजला. पडद्यावर देवमनचं तोंड आनंदाने फुललेलं.

"आता बराबर हाये ना, माय? सगळ्या गल्लीले बदलवलं!"

तिच्या मागून मुलं आत चालली होती. दार एकदा लागलं, उघडलं, पुन्हा लागलं.

"बराबर हाये, बाबा," ती म्हणाली आणि जिन्यावर जाऊन बसली.

एकदा मागितलेलं पुन्हा मागायचं तिच्या जिवावर आलं. सगळ्या गल्लीने तिच्यासाठी जेवणं हलवली होती, आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं, उलट्या बाजूला हलवलीत म्हणून?

त्या संध्याकाळी तिने मला फोन केला. हे सगळं तिने असं सांगितलं, जसं दुकानात काय काय आणायचं ते सांगावं. मी चिडले. मला चिडताच येतं. म्हटलं, बापाला फोनवर समजावत बसू नकोस, तुला जमणार नाही. तुझ्या वर्गांचं वेळापत्रक आपल्या घड्याळाने लिहून मला पाठव. वार आणि वेळ, बाकी काही नको. मी गुरुवारी मेडशीला जाऊन देवमनच्या हातात देते. एसटीचा माणूस आहे, कागदावर वेळ पाहिली की त्याला कुणी समजवावं लागणार नाही.

"आज पाठवते, मॅडम," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला विद्यापीठाची शेवटची मेल आली. त्यांनी नाव काढलं होतं. शिष्यवृत्तीही त्याबरोबर गेली. ती परत आली तेव्हा देवमन वाशीमच्या स्टॅंडवर तिला घ्यायला आला होता, गाडी यायच्या बराच आधी. त्याने बॅगा उचलल्या. काय झालं ते विचारलं, तर ती म्हणाली, वर्ग चुकले. त्याने पुन्हा विचारलं नाही. आता ती वाशीमला एका शिकवणीत रसायनशास्त्र शिकवते. बरं शिकवते म्हणतात.

ते वेळापत्रक मला आलं नाही. त्यातले वर्गच तिचे राहिले नव्हते, पाठवणार काय? गुरुवारी मी मेडशीला गेले नाही. देवमन अजून लोकांना सांगतो, पोरीसाठी वंदनेची वेळ बदलली होती, आपल्याकडून कमी पडू दिलं नाही. तो तास कुठल्या बाजूला न्यायचा होता, ते त्याला सांगायला ना ती गेली ना मी.