तिच्यासमोर नका सांगू

आमच्या कुत्रीच्या पोटाला गाठ आली, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका बाईंची वेळ घेऊन दिली. त्या जनावरांच्या कॅन्सरच्या डॉक्टर. बोलणं मोबाईलवर, व्हिडिओनं. लोहाऱ्यातल्या आमच्या घरात रेंज स्वयंपाकघराच्या खिडकीतच मिळते, म्हणून मी फोन डाळीच्या डब्याला टेकवला आणि कुत्रीला आडवी करून गाठ दाखवली. रिपोर्ट त्यांनी आधीच पाहिले होते.

"आता मी स्पष्टच सांगते," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आईनं कुत्रीचा पट्टा धरला आणि तिला बाहेर नेऊ लागली.

"अहो, तिला कुठं नेताय? मला तिचा श्वास बघायचाय."

"तिच्यासमोर नका सांगू मॅडम," आई दारातून म्हणाली. "बिमार माणूस धसका घेते."

"आई, ते कुत्रं आहे!" मी ओरडले.

आमच्याकडे हे असंच. बाबांच्या आजारपणातही डॉक्टर बोलायला लागले, की आई बाबांना चहा प्यायला बाहेर पाठवायची. शेवटपर्यंत त्यांना अल्सरच सांगितला.

बाईंनी सगळं समजावलं. ऑपरेशनचा उपयोग नव्हता, दुखणं तेवढं कमी ठेवता येणार होतं. फोन बंद करून मी चिडूनच बाहेर आले. आई पायरीवर बसली होती, कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन.

"तुले कॅन्सर हाये," ती तिला हळूहळू सांगून राह्यली होती. "पोरीच्या बाबालेबी हेच झालतं. त्याईले सांगाची हिंमत नाही झाली मले."