योगिनीने न पाठवलेलं माप

योगिनी मूळची लातूरकडची. चाकणच्या एका कंपनीत सात वर्षं ती गाड्यांचे सुटे भाग स्कॅनरनं तपासायची. कंपनीनं ती लाइन बंद केली, तेव्हा तिला थेरगावात एका दवाखान्यात काम मिळालं. तान्ह्या बाळाचं डोकं एका बाजूनं चपटं झालं, तर ते गोल यावं म्हणून हेल्मेट घालतात. त्यासाठी डोक्याचं माप स्कॅनरनं घ्यायचं आणि हेल्मेट बनवणाऱ्यांकडे पाठवायचं. लोखंड हलत नसे; बाळं क्षणभर स्थिर राहत नाहीत.

त्या सोमवारी पिंपळे गुरवहून सायली पाच महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. सोबत सासूबाई, शालनबाई. डॉक्टरांची चिठ्ठी दीड महिन्यापूर्वीची होती.

"आमी पोरांना मालिश करायचो," शालनबाई म्हणाल्या. "हिला तेवढंबी जमलं न्हाई."

सायली बाळाला मांडीवर घेऊन बसली.

योगिनीनं बाळाच्या डोक्यावर पातळ, ताणणारी टोपी चढवली. ती सारखी करताना बोटांना मधोमध, पुढून मागे जाणारा उंचवटा लागला. तिनं पुन्हा बोट फिरवलं. स्क्रीनवर डोकं लांबट आणि अरुंद दिसत होतं. चिठ्ठीत मात्र 'मागून चपटं' एवढंच होतं.

ती मालकांकडे, शेखर सरांकडे गेली.

"सर, हे नेहमीसारखं नाही. यांना आधी मेंदूच्या सर्जनना दाखवायला सांगू."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय ना? तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. पण हे माप मी पाठवणार नाही."

शेखर सरांनी आपल्या स्क्रीनवर ते माप उघडून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. मग स्वतः बाहेर येऊन त्यांनी सायलीला सर्जनचा पत्ता दिला. शालनबाई नातवाला उचलून तडक बाहेर पडल्या. "पोराला नसतं दुखणं चिकटवाया बसलेत," त्या जिन्यावरून म्हणत होत्या.

पुढचे चार दिवस योगिनीचं कशात लक्ष लागेना. आपण उगाच एका आईला घाबरवलं का? फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. शाळेतून आलेल्या स्वतःच्या लेकीच्या डोक्यावरून तिनं इतक्यांदा हात फिरवला की पोरगी वैतागली.

शुक्रवारी सायलीचा फोन आला.

"ताई, कवटीच्या हाडांमधली फट वेळेआधीच बुजलीये. ऑपरेशन करायचंय. नुसतं हेल्मेट घालून बसलो असतो तर वेळ गेला असता, असं सर्जन म्हणाले." ती थांबली. "आणि मालिशचा याच्याशी काही संबंध नाही, हे त्यांनी आईंसमोर सांगितलं."

योगिनी खुर्चीत बसली. ऑपरेशन कधी आहे, ते तिनं विचारून घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर डोक्याला नीट आकार यायला हेल्मेट लागणारच होतं, म्हणून दहा दिवसांनी तिघं परत आली. बाळ सारखं मान फिरवत होतं. दोन वेळा माप बिघडलं. तेव्हा शालनबाई पुढे आल्या आणि त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं.

"सायली, तू बस जरा," त्या म्हणाल्या. "लई दमलीयेस. मी धरते."